डावा बॅक वर जात नाही

रविवार, ३ नोव्हेंबर १९७४

संचालकसाहेबांनी काल खात्याची फुटबॉल टीम माझ्या गळ्यात घातली. म्हणाले, "इंगवले, तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला काय शिकवायचं?" सहा वर्षं चंडीगडला आहे, पण कोल्हापुरात फुटबॉल खेळतात हे त्यांना कालच कळलं. गेल्या वर्षी आमची टीम पहिल्याच फेरीत पडली होती, आणि साहेबांना या वर्षी कार्यालयांची शील्ड आपल्या खोलीत हवी आहे.

नको म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. सप्टेंबरात दिल्लीला गेलो होतो तेव्हा एका दूतावासाच्या हॉलमध्ये विश्वचषकाची फिल्म पाहिली. तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट आहे, फुलबॅक. आमचे तालमीतले वस्ताद म्हणायचे, फुलबॅक म्हणजे दाराची कडी. जागा सोडायची नाही, चेंडू आला की उडवायचा. त्या फिल्ममध्ये कडीच दार सोडून धावत सुटली होती. उजवा बॅक बाजूच्या रेषेवरून थेट पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जायचा आणि तिथून चेंडू आत टाकायचा. समोरच्यांना कळायचंच नाही की याला कुणी धरायचं. हे आपल्या टीमला शिकवायचं.

आजच यादी केली, सोळा नावं. ही यादी आस्थापना विभागाकडे जाते आणि यादीतल्या माणसाची मोसम संपेपर्यंत, म्हणजे एकतीस मार्चपर्यंत, बदली होत नाही. जन्मात चेंडूला पाय न लावलेले दोघे-तिघे कालपासून मला वाकून नमस्कार करताहेत.

संध्याकाळी वामन तुरंबेकर आला. कोल्हापुरात आम्ही एकाच तालमीकडून खेळलो, मी पुढे, तो पाठीमागे. इथे तो माझ्यानंतर तीन वर्षांनी आला. चौतीस वर्षांचा आहे, उजवा गुडघा बरा नाही.

"किशा, यादीत नाव हाय न्हवं माझं?"

"तुझं नसेल तर कुणाचं असणार?"

"तसं न्हवं. मैत्री म्हणून घालू नकोस. खेळ बघून घाल."

"गप बस. लेफ्ट बॅक तूच."

"मग बरं," म्हणाला आणि अर्धा कप चहा तसाच ठेवून उठला. जाताना माझ्या बायकोला, शैलजाला हात जोडले. यादी मी केली, हात शैलजाला का जोडले कळलं नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

पहिला सराव. उजवा बॅक जसपाल, बावीस वर्षांचा, माहिलपूरचा, म्हणजे पंजाबातल्या फुटबॉलच्या गावचा. पाय असे की हरीण. त्याला बाजूला घेऊन समजावलं.

"बॉल अपने विंगर के पास गया, कि तू उसके बाहर से भाग. कॉर्नर तक."

"और मेरी जगह, कोच साब?"

"भूल जा."

तो वामनकडे वळून ओरडला, "पाजी, सुना? कोच साब कहते हैं जगह भूल जा!"

वामन मोज्याचं इलॅस्टिक वर ओढत होता. म्हणाला, "भाग यार. मैं हूँ."

वीस मिनिटांत जसपालला ते जमलं. माझ्या अंगावर काटा आला. कोल्हापुरात हे कुणी पाहिलेलं नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

सतरा सेक्टरचं मैदान पूर्ण आम्हाला मिळतं ते फक्त मंगळवारी. इतर दिवशी अर्ध्यावर हॉकीवाले असतात. त्यामुळे चारही बॅकची एकत्र हालचाल मंगळवारीच शिकवता येते आणि वामन मंगळवारीच नसतो. बायकोला, सुमनवहिनींना घेऊन सकाळपासून हॉस्पिटलात जातो. विचारलं तर म्हणतो, जरा रक्त कमी हाय. रक्त कमी असेल तर पालक खावा, बीट खावं. आठवड्याच्या आठवड्याला दिवसभर तिथे काय करतात?

जेवताना शैलजाला हे सांगितलं.

"अहो, मंगळवारचं सोडा ना त्यांना," ती म्हणाली.

"एकाला सोडलं की चौघं मागतील."

"चौघांचं वेगळं."

"वेगळं काय?"

ती कुकर बघायला आत गेली. शिट्टी झाली नव्हती.

रविवार, १७ नोव्हेंबर

पिंजौरच्या कारखान्याच्या टीमला ३–०! तिन्ही गोल उजवीकडून, तिन्ही जसपालच्या चेंडूवर. त्यांचा डावा विंगर पहिल्या अर्ध्या तासातच बावचळला, आक्रमण करायचं सोडून जसपालच्या मागे धावत राहिला. संचालकसाहेब उठून उभे राहिले. मल्होत्राजी, आमचे आस्थापना अधिकारी, त्यांना खेळातलं काही कळत नाही, तेही म्हणाले, "इंगवले साब, ये तो नया ही गेम है."

प्रत्येकाच्या खेळाची टिपणं काढली. वामनच्या नावापुढे लिहिण्यासारखं काही नाही. नव्वद मिनिटांत दहा वेळाही चेंडू त्याच्या पायात आला नसेल. पिंजौरवाले मधून चेंडू पुढे टाकायचे तेव्हा तो तिथे आधीच उभा असायचा आणि आरामात गोलकीपरकडे ढकलायचा. एकदाही घाम गाळून धावलेला दिसला नाही. डावीकडून एकदाही वर गेला नाही.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

वामन नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

आज कमाल झाली. जसपाल आणि गोलकीपर दोघेही दंडावर कापसाचा बोळा चिकटवून सरावाला आले. काल रक्त देऊन आले म्हणे. मी चिडलो.

"रविवारी मॅच असते आणि मंगळवारी रक्त देता? किसको दिया?"

"है जी कोई अपना," जसपाल म्हणाला.

"कोण आपला? नाव काय?"

दोघांनी बाह्या खाली ओढल्या. वामन पलीकडे बुटाची नाडी बांधत होता, त्याची नाडी काही बांधून होईना. मी सगळ्यांना ताकीद दिली की मोसम संपेपर्यंत कुणीही रक्त द्यायचं नाही. जसपाल "हाँजी" म्हणाला, पण तोंडावर हसू नव्हतं. एका विजयानं पोरांचं डोकं फिरतं.

रविवार, ८ डिसेंबर

बँकेच्या टीमला १–०. जिंकलो, पण मला आनंद नाही. आज दोन्ही बाजूंनी वर जायचं असं ठरवून दिलं होतं. जसपाल गेला. वामन जागचा हलला नाही. मी रेषेवरून ओरडून घसा बसवला, "वाम्या, वर! वर जा!" त्यानं हात वर केला, ऐकलं म्हणून, आणि तिथेच राहिला. उलट जसपाल वर गेला की हा आणखी आत मधे सरकायचा.

मॅच संपल्यावर नळाजवळ गाठलं.

"बहिरा झालास काय?"

"ऐकलं की."

"मग गेला का नाहीस?"

"किशा, एक गेला की एकानं थांबायचं असतंय. दोघं गेलो तर मागं कोण, तुझी आत्या?"

"ही जुनी विद्या झाली. तू फिल्म पाहिली नाहीस."

"फिल्ममधी कॅमेरा बॉलसंगं पळतोय. जो थांबलाय तो दिसतोय काय तुला?"

सगळी पोरं ऐकत होती. कुणीतरी हसलं. मी म्हटलं, "मंगळवारी सरावाला ये, मग शिकव मला." तो तोंडावर पाणी मारून निघून गेला.

मी चुकीचं काही बोललो नाही.

मंगळवार, १० डिसेंबर

सराव संपवून त्याच्या क्वार्टरवर गेलो, एकदा मोकळेपणानं बोलावं म्हणून. दार त्याच्या मुलीनं, कांचननं उघडलं. आठ वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत.

"बाबा आले का गं?"

"पापा-मम्मी अस्पताल गए हैं. अंकल, आप बैठिए, दाल बस हो गई."

स्वयंपाकघरात स्टूल ओट्याला लावलेलं होतं. पोरगी त्यावर उभी राहून वरण ढवळत होती. मोठी गुणी आहे, आपल्याकडच्या मुलींना या वयात चहा येत नाही. पंधरा मिनिटं थांबलो. साडेसहा झाले तरी दोघांचा पत्ता नाही. गच्च थंडी पडली होती. "आलो होतो" असं चिठ्ठीवर लिहून निघालो.

मला वाटतं त्याला आता खेळात रसच उरलेला नाही, पण तसं सांगायचा धीर होत नाही.

शनिवार, १४ डिसेंबर

मोसमाच्या उत्तरार्धाची यादी आज द्यायची होती. दोन दिवस विचार केला. वामनच्या जागी रणधीर. बदली होऊन अंबाल्याहून नुकताच आलाय, तेवीस वर्षांचा, धावण्यात जसपालच्या तोडीचा. दोन्ही बाजूंनी दोन तोफा.

यादीतून नाव काढलं तर आस्थापना विभागाला कारण द्यावं लागतं. मल्होत्राजींच्या खोलीत बसून शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं: सरावाला अनियमित. सूचना पाळत नाही. नवीन पद्धत शिकण्याची इच्छा नाही.

मल्होत्राजींनी वाचलं. "पक्का? सोच लीजिए. ये फाइल में रहेगा."

"जो है वो लिखा है."

बदलीचं म्हणाल तर मोसमाच्या मधोमध कोण बदली काढत बसतो? आणि निघाली तरी काय मोठंसं. आम्ही सगळेच बदलीवाले. नागपूर, शिलाँग, चंडीगड करतच आलो. मैत्री एका जागी आणि खेळ एका जागी. त्यानंच सांगितलं होतं, खेळ बघून घाल.

सोमवार, १६ डिसेंबर

त्याला मीच सांगावं म्हणून दुपारी त्याच्या टेबलाशी गेलो.

"वामन, या खेपेला नाव नाही घातलं."

तो फाईलला दोरी बांधत होता. बांधून पुरी केली.

"यादी गेली?"

"शनिवारीच."

"बरं."

बस, एवढंच. मला वाटलं होतं चिडेल, चार शिव्या देईल. "चहा घेणार काय?" म्हणून विचारलं. मी नको म्हटलं, काम होतं.

शैलजाला सांगितलं तेव्हा ती ताटं मांडत होती. "काढलंत?" म्हणाली. मग पुन्हा, "नाव काढलंत त्यांचं?" आणि माझं ताट मांडून स्वतः जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

रविवार, २२ डिसेंबर

उपान्त्यपूर्व फेरी, ४–२. रणधीर आणि जसपाल दोघेही वर. मैदानभर धूळ आणि आरडाओरडा. बघणाऱ्यांचे पैसे वसूल. दोन गोल खाल्ले ते दोन्ही मधून, जसपालच्या पाठीमागून. स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, जागेवर नव्हता, त्याला झापलं.

जसपाल जिंकूनही चहाला थांबला नाही. सायकल काढून थेट गेला.

रविवार, ५ जानेवारी १९७५

उपान्त्य फेरी. चंडीमंदिरची फौजी टीम. १–५.

लिहायला हात उठत नाही, पण लिहितो. पहिल्या दहा मिनिटांत त्यांना कळलं. जसपाल वर गेला की ते चेंडू उंच मारून त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत टाकायचे. त्यांचा एक बुटका सुभेदार तिथे पोचायचा. स्टॉपर त्याला धरायला बाजूला गेला की मध्य उघडा. मध्याकडे सरकायला कुणी नव्हतं, कारण रणधीर पलीकडे वर गेलेला. पाचही गोल याच एका जागेतून झाले. मला ती जागा आज पहिल्यांदा दिसली. नोव्हेंबरात आणि डिसेंबरात ती दिसली नव्हती, कारण तिथे वामन उभा असायचा.

मध्यंतरात जसपालवर ओरडलो, "वापस क्यों नहीं आता?"

तो धापा टाकत होता. म्हणाला, "कोच साब, आपने कहा था जगह भूल जा. मैं भूल गया. पीछे पाजी होते थे तो मुझे पता ही नहीं चला कि भूलने का मतलब क्या है."

संचालकसाहेब उत्तरार्धात निघून गेले.

बुधवार, ८ जानेवारी

फलकावर बदल्यांचा कागद लागला. सात नावं. चौथं, वा. ग. तुरंबेकर, बाडमेर, राजस्थानच्या पार टोकाला. तीन फेब्रुवारीपर्यंत रुजू व्हायचं.

मी तिथे उभा असताना जसपाल आला. त्यानं कागद वाचला, मला नमस्कार केला नाही. मग वळून म्हणाला, "अब मंगलवार का क्या होगा जी?"

"मंगळवारचं काय?"

तो दोन पावलं परत आला. "आपको सच में नहीं पता?"

गुरुवार, ९ जानेवारी

आता मला सगळं माहीत आहे. शैलजानं काल सांगितलं. सांगताना ती गहू निवडत होती आणि शेवटपर्यंत मान वर केली नाही.

सुमनवहिनींना रक्ताचा आजार आहे. कमी रक्ताचा नाही. दीड वर्ष झालं. दर मंगळवारी सकाळी रक्त तपासायचं, दुपारी इंजेक्शन, कधी बाटलीभर रक्त चढवायचं. ते औषध आणि ती तपासणी या भागात फक्त इथल्या मोठ्या हॉस्पिटलात होते. रक्त आमच्या टीमनं दिलं. अकरापैकी नऊ जणांनी.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"सुमननं शपथ घातली होती. वामनभावजींना तुमच्याकडून दयेची जागा नको होती. तरी मी म्हटलं होतं, मंगळवारचं सोडा."

"म्हटलं होतंस. कारण नव्हतं सांगितलंस."

"कारण सांगावं लागतं का हो प्रत्येक वेळी?"

सगळ्या टीमला माहीत होतं. आठ वर्षांच्या कांचनला माहीत होतं. मी तिच्या दारात पंधरा मिनिटं बसून आलो.

सोमवार, १३ जानेवारी

मल्होत्राजींकडे गेलो. आज लोहडी, इकडची संक्रांत, त्यांच्या टेबलावर रेवड्यांची पुडी उघडी होती. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

मी म्हटलं, वामनचं नाव पुन्हा यादीत घाला, माझी चूक झाली. ते म्हणाले, आमची टीम बाद झाली, यादी कसली आता? मग म्हटलं, वैद्यकीय कारण आहे. त्यांनी फाईल काढली. वैद्यकीय कारणावर एकदाच मुदतवाढ मिळते. ती वामननं सव्वा वर्षापूर्वी घेतली होती, सप्टेंबरात संपली. यादीमुळे तो मार्चपर्यंत राहू शकला असता. दरम्यान त्यानं खास बाब म्हणून दुसरा अर्ज केला होता, तो मुख्यालयात होता.

"होता म्हणजे?"

"वापस आ गया. नामंज़ूर." त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. मुख्यालयानं लिहिलं होतं: संबंधित कर्मचारी अनियमित असल्याचा व सूचना पाळत नसल्याचा शेरा ताजा आहे, खास सवलतीस पात्र नाही.

"इंगवले साब," मल्होत्राजी म्हणाले, "मैंने अपनी तरफ़ से एक शब्द नहीं लिखा. यह आपका है."

मी रेवडी हातात घेतली होती. ती तशीच घेऊन बाहेर आलो.

रविवार, १९ जानेवारी

वामनकडे गेलो. ट्रंक उघडी, भांडी पोत्यात. त्यानं एक खोकं उलटं करून मला बसायला दिलं.

"वाम्या, सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू ठेवला असतास."

"मग?"

"मग मी खेळलो असतो काय, नुसता बसलो असतो. पोरं म्हणाली असती, बायकोच्या दुखण्यावर जागा अडवलीया."

"पोरांनी रक्त दिलं तुझ्या बायकोला! ती असं म्हणाली असती?"

तो पोत्याचं तोंड शिवत होता. दाभण थांबलं, पुन्हा चाललं.

"अरे ही काय खेळाची गोष्ट होती का?" मी म्हटलं.

"तू तर खेळाचीच केलीस की गा," तो म्हणाला. रागानं नाही. मला वाटतं त्यात राग असता तर मी नीट घरी आलो असतो.

मी म्हटलं, नोकरी सोड. म्हणाला, नोकरी सोडली तर औषधाचा खर्च कोण देतो, ते खात्याकडून आहे. मी म्हटलं, तू एकटा जा, वहिनी आणि कांचन आमच्याकडे राहतील, मंगळवारी मी नेईन. शैलजानं बाहेरची खोली आधीच रिकामी केली आहे. मला न विचारता.

सुमनवहिनी आतून आल्या. दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं. अंगावर शाल होती, तरी हाताची हाडं दिसत होती.

"भावजी, शैलाताई बोलल्या मला. पण मी ह्यांच्यासंगं जाते."

"वहिनी, तिथं काही सोय नाही."

"ठावं हाय. डॉक्टर म्हणत्यात, हितं राहिले तर वरीस मिळंल. तिथं त्येच्या निम्मं." त्यांनी कांचनच्या फ्रॉकची घडी केली, पोत्यावर ठेवली. "निम्म्यात तिघं असू. वर्षभर ह्यांची वाट बघत कशाला बसू? तुमी चहा घेणार न्हवं?"

चहा घेतला. त्यांनीच केला.

मंगळवार, २८ जानेवारी

वामनला कार्यालयात कामाचा ताबा द्यायचा होता, म्हणून आज हॉस्पिटलात मी गेलो. सकाळी साडेसहाला रांग. नऊला रक्त घेतलं. मग एका लाकडी बाकावर बारापर्यंत. मग निकाल, मग डॉक्टर, मग दुसरं बाक. वहिनी बसल्या बसल्या झोपत होत्या आणि मान माझ्या बाजूला कलली की दचकून सरळ होत होत्या. एकदा त्यांनीच विचारलं, "आज तुमचा सराव न्हाई?"

दुपारी जसपाल आणि गोलकीपर आले, बाही वर करून. वहिनींना दोघांनी वाकून नमस्कार केला. माझ्या शेजारी बाकावर जागा होती, पण ते उभे राहिले.

डॉ. सरला पेंडसे म्हणून आपल्याकडच्या आहेत. त्यांनी बर्फाच्या थर्मासात चार बाटल्या दिल्या आणि बाडमेरच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी. चार मंगळवारचं औषध.

"त्यानंतर?" मी विचारलं.

"त्यानंतर रक्त बघितल्याशिवाय नाही देता येत," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांचे भाऊ का?"

मी म्हटलं, कार्यालयातला आहे.

शुक्रवार, ३१ जानेवारी

सकाळी सातच्या दिल्लीच्या बसनं ते गेले. सगळी टीम आली होती, रणधीरसुद्धा. पोती आणि ट्रंक त्यांनी टपावर चढवली. थर्मास कांचनच्या मांडीवर होता. जसपाल खिडकीतून तिला सांगत होता, "सीधा पकड़ना, हिलाना नहीं." ती म्हणाली, "पता है."

शैलजा आणि सुमनवहिनी हातात हात धरून उभ्या होत्या, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा सोडला.

वामन शेवटी चढला. मला म्हणाला, "रणधीरला सांग, चांगला हाय तो. फकस्त वर जाताना एकदा पलीकडं बघत जा म्हणावं."

घरी येताना शैलजा पुढे चालत होती. मी दोनदा पावलं उचलून तिला गाठलं, दोन्ही वेळा ती पुन्हा पुढे गेली. तिला थंडी वाजत असावी.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मुख्यालयाला पत्र पाठवलं. लिहिलं की १४ डिसेंबरचा माझा शेरा चुकीचा होता, तो मी मागे घेतो, तुरंबेकर मंगळवारी पत्नीच्या उपचारासाठी गैरहजर असत आणि खेळात त्यांच्याइतका कामाचा माणूस टीममध्ये नव्हता. त्यांची बदली रद्द व्हावी. मल्होत्राजींनी पुढे पाठवण्याआधी विचारलं, "समझते हैं न? आप लिखकर दे रहे हैं कि आपने ग़लत लिखा."

"हाँजी."

"यह भी फाइल में रहेगा."

मंगळवार, ४ मार्च

मुख्यालयाचं उत्तर आलं. चुकीचा शेरा का नोंदवला याचा सात दिवसांत खुलासा करावा. प्रत वैयक्तिक फाईलला. शैलजानं माझ्या हातून कागद घेऊन स्वतः वाचला. उलटून मागची बाजूही बघितली.

"त्यांच्या बदलीचं?"

"काही नाही."

वामनचं एकच पत्र आलंय, पोचल्याचं. थर्मासातला बर्फ दिल्लीला बदलून घेतला, बाटल्या नीट आहेत, कांचनला शाळेत घातलं. वहिनींच्या तब्येतीबद्दल ओळ नाही.

चौथी बाटली गेल्या मंगळवारी संपली असणार. म्हणून आज अर्धा दिवस रजा टाकून हॉस्पिटलात गेलो. वाटलं, मागून बघावं, पार्सलनं नाही तर कुणा जाणाऱ्याबरोबर पाठवता येईल. डॉ. पेंडसे सुट्टीवर होत्या. त्यांच्या जागी एक तरुण सरदारजी डॉक्टर होता. फार नम्र. त्यानं सुमनवहिनींचा कागद काढायला लावला, सगळा वाचला, तारखांवर बोट ठेवत खाली आला.

"पाँच हफ़्ते से नहीं आईं?"

"जी नहीं."

"देखिए, ऐसे दवाई नहीं दे सकते. मरीज़ को लाना पड़ेगा. अगले मंगलवार ले आइए, मैं खुद देखूँगा. सुबह जल्दी आना, लाइन लंबी होती है."

त्यानं चिठ्ठीवर तारीख घालून दिली, ११ मार्च. माझ्या मागे बरीच माणसं उभी होती.

"जी," मी म्हटलं आणि चिठ्ठी घेतली.